दोन लाल जर्सी

एप्रिल २०२२ चा पहिला शनिवार. कार्डिफ शहरातल्या आर्म्स पार्कच्या प्रेक्षागृहात मी अंगात दोन स्वेटर घालून बसले होते. समोर वेल्स आणि स्कॉटलंड यांच्या महिला संघांचा रग्बी सामना चालू होता. माझी लेक तिथल्या एका रुग्णालयात परिचारिका आहे. तिच्याकडे तीन महिन्यांसाठी गेले होते. तिची त्या दिवशी पाळी होती. मला मैदानाच्या दारापर्यंत सोडून, “आई, फोन चालू ठेव गं,” असं दोनदा बजावून ती गेली.

आयुष्यभर कबड्डीत रमलेल्या बाईला रग्बी समजायला फार वेळ लागत नाही. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा खेळाडू. चेंडू हातात घेऊन पळायचं, पण सहकाऱ्याकडे तो फेकायचा तर मागच्या बाजूलाच फेकायचा. समोरच्या शेवटच्या रेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला की ‘ट्राय’, म्हणजे पाच गुण. आणि चेंडू घेऊन येणारीला अडवायचं ते अंगावर जाऊन, कमरेखाली मिठी मारून, जमिनीवर पाडून. आपण ज्याला पकड म्हणतो तेच, फक्त इथे समोरून येणारी बाई ऐंशी किलोची आणि पूर्ण वेगात असते. संघात सहा आणि सात नंबरच्या ज्या दोन खेळाडू असतात त्यांना फ्लँकर म्हणतात. आपल्या कोपरारक्षकांशी त्यांचं फार जवळचं नातं आहे. सगळ्यात जास्त पकडी त्यांच्या नावावर, सगळ्यात जास्त मार त्यांच्या अंगावर, आणि वर्तमानपत्रातला फोटो मात्र दुसऱ्याच कुणाचा.

माझ्या शेजारी पन्नाशी ओलांडलेल्या एक बाई बसल्या होत्या. गळ्यात लाल मफलर. वेल्सचा रंग लाल, त्यामुळे त्यात काही विशेष वाटलं नाही. पण नीट पाहिलं तर त्यावर वेल्सच्या संघाची तीन पिसं नव्हती. एकमेकींवर आडव्या धरलेल्या दोन तलवारी, मुकुट आणि सिंह असं चिन्ह होतं. मी विचारलं. त्या म्हणाल्या, हे आर्मीचं. ब्रिटिश सैन्याच्या रग्बी संघाची जर्सीही लालच असते. त्या स्वतः पंधरा-सोळा वर्षं सैन्यात नोकरीला होत्या आणि सैन्याच्या संघातून खेळल्या होत्या. मीही माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत कबड्डीचं सांगितलं आणि मग आम्हां दोघींच्या नेहमीच्या विषयावर आलो : खेळायला रजा कोण द्यायचं? त्यांना माझा प्रश्नच कळला नाही. मी तो पुन्हा विचारला, तेव्हा त्या म्हणाल्या, “रजा कशाला? मी ड्युटीवर असायचे.”

हा लेख त्या एका शब्दामुळे सुरू झाला.

माझी हकिगत थोडक्यात सांगते, कारण ती अनेकींची आहे. १९८३ साली मी एका कार्यालयात टंकलेखिका होते आणि जिल्ह्याच्या संघातून उजवा कोपरा सांभाळत होते. राज्याच्या संघासाठी निवड झाली. सराव शिबिर आणि स्पर्धा मिळून अठरा दिवस. पहिल्या वर्षी बिनपगारी रजा मिळाली. दुसऱ्या वर्षी रजा मिळाली आणि परत आल्यावर मेमोही मिळाला. तिसऱ्या वर्षी अर्ज खालीच अडला. साहेब वाईट नव्हते. टेबलावर पत्रं तुंबली होती आणि टाइप करणारी बाई कबड्डी खेळायला निघाली होती, एवढंच त्यांना दिसत होतं. त्यांच्या खुर्चीत बसून मलाही कदाचित तेवढंच दिसलं असतं. म्हणून ‘ड्युटीवर असायचे’ हे ऐकून मला जे वाटलं त्याला हेवा म्हणायला हरकत नाही.

परत आल्यावर मी वाचत गेले. वेल्समधल्या बायकांची रग्बी आणि ब्रिटिश सैन्य यांचा संबंध काय, एखादी मुलगी वेल्ससाठी खेळता खेळता सैन्यात कशी टिकते, आणि त्यात तिला काय मिळतं, काय सोडावं लागतं, हे शोधू लागले. जे हाती लागलं ते मांडते.

वेल्स हा तीसेक लाख लोकवस्तीचा देश. म्हणजे आपल्या एखाद्या मोठ्या जिल्ह्याएवढा. दक्षिणेकडच्या अरुंद खोऱ्यांत कोळशाच्या खाणी, पोलादाचे कारखाने, प्रार्थनामंदिरं आणि रग्बीचे क्लब हे सगळं एकोणिसाव्या शतकात एकाच वेळी उभं राहिलं. इंग्लंडमध्ये रग्बी बड्या शाळांतल्या मुलांचा खेळ होता, तर वेल्समध्ये तो खाणकामगारांचा झाला. म्हणून तिथे तो देशाच्या अस्मितेचा प्रश्न बनला. १९०५ साली न्यूझीलंडविरुद्धच्या सामन्याआधी कार्डिफला वेल्सचं गीत गायलं गेलं. सामन्याआधी राष्ट्रगीत म्हणण्याची जी पद्धत आज जगभर आहे, तिची सुरुवात अनेक जण तिथूनच मानतात.

या साऱ्यात बायका कुठे होत्या? एकदा मैदानावर होत्या. डिसेंबर १९१७. पुरुष फ्रान्सच्या खंदकांत होते, त्यांची कामं बायकांनी उचलली होती. त्या कामगार बायकांनी कार्डिफ आणि न्यूपोर्ट असे दोन संघ केले आणि याच आर्म्स पार्कवर सामना खेळला. न्यूपोर्ट जिंकलं. कार्डिफच्या संघाचा एक फोटो आहे : डोक्याला कान झाकणाऱ्या टोप्या, हाताची घडी, चेहऱ्यावर कसलाही संकोच नाही. त्यांच्यापैकी मारिया ईली नावाची खेळाडू पुढे १०६ वर्षांपर्यंत जगली, २००७ मध्ये वारली. म्हातारपणी ती सांगत असे, की खेळायला फार मजा यायची, पण युद्ध संपून पुरुष परत आले आणि आम्हाला थांबावं लागलं. युद्धामुळे मैदान मिळालं आणि शांतता झाल्यावर गेलं. सैन्य आणि बायकांची रग्बी यांचं नातं तिथे असं उलट्या बाजूने सुरू होतं.

मग सत्तर वर्षांचा खंड. तो भरून निघाला विद्यापीठांमुळे. ५ एप्रिल १९८७ ला पाँटिपूल पार्कवर वेल्सच्या महिला संघाने पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळला, इंग्लंडविरुद्ध, आणि २२-४ असा हरला. कर्णधार लायझा बर्जेस. ती लफबरो विद्यापीठात रग्बी शिकली आणि मग वीस वर्षं देशासाठी खेळली. २०१८ मध्ये जागतिक रग्बीच्या हॉल ऑफ फेममध्ये तिचं नाव घेतलं गेलं. चार वर्षांनी, एप्रिल १९९१ मध्ये, बायकांचा पहिला विश्वचषक झाला, तोही दक्षिण वेल्समध्येच. लंडनच्या रिचमंड क्लबमधल्या चार बायकांनी आपापल्या नोकऱ्या सांभाळून तो भरवला. आंतरराष्ट्रीय मंडळाने मान्यता दिली नव्हती, प्रायोजक नव्हता. बारा संघ आले. सोव्हिएत संघाकडे परकीय चलन नव्हतं, म्हणून त्या मुली विकायला व्होडका आणि कॅव्हिअर घेऊन आल्या आणि कस्टमवाले त्यांच्यामागे लागले. अंतिम सामना आर्म्स पार्कवर झाला. अमेरिकेने इंग्लंडला १९-६ असं हरवलं. या स्पर्धेला अधिकृत विश्वचषक म्हणून मान्यता मिळायला २००९ साल उजाडलं.

आता एक तारीख नीट लक्षात ठेवावी लागते. ऑगस्ट १९९५ मध्ये रग्बी युनियन हा खेळ व्यावसायिक झाला. तोवर पुरुषांनाही खेळण्याचे पैसे घ्यायची बंदी होती; वेल्सचे मोठमोठे खेळाडू पोलीस, शिक्षक, पोलाद कारखान्यातले कामगार होते. १९९५ नंतर पुरुषांना पगार सुरू झाला. वेल्सच्या बायकांना पहिले पूर्णवेळ करार मिळाले ते जानेवारी २०२२ मध्ये. मधली सत्तावीस वर्षं खेळ पुरुषांच्या बरोबरीने कठीण होत गेला : व्यायामशाळा, आहार, ताकद, सामन्यांची चित्रफीत लावून अभ्यास. पण बायकांनी हे सगळं पहाटे पाचला आणि संध्याकाळी सातनंतर करायचं, मधल्या वेळेत पोटासाठी नोकरी.

ही वर्षं त्या कशा जगल्या हे पाहिलं की सैन्याची जागा कळते. शिवन लिलिक्रॅप स्वान्झी विद्यापीठात रग्बी विभागाची प्रमुख होती, म्हणजे निदान कामाची जागा आणि खेळ एकमेकांना ओळखत होते. ग्वेनलिअन पिर्स उत्तर वेल्समधल्या मेंढपाळ शेतकरी घरातली. मेंढ्यांच्या विण्याचा हंगाम वसंतात, सहा देशांची स्पर्धाही त्याच सुमारास. नॉन इव्हान्स तर ज्युडो, कुस्ती, वेटलिफ्टिंग आणि रग्बी असं सगळंच करायची. १४ फेब्रुवारी २००९ ला तिच्या शेवटच्या क्षणीच्या लाथेने वेल्सने इंग्लंडला पहिल्यांदा हरवलं, १६-१५. अशा सामन्यासाठी कुणी वर्षभराची रजा साठवलेली असते, कुणी पाळी बदलून घेतलेली असते. गुडघ्याचा अस्थिबंध तुटला तर सहा ते नऊ महिने खेळ बंद असतोच, पण दुकानात उभं राहायची नोकरी असेल तर तीही अडचणीत येते. स्कोअरकार्डात हे कधी दिसत नाही.

सैन्यात नेमका इथेच फरक पडतो. ब्रिटिश सैन्याच्या नियमांत परवानगी घेऊन खेळला जाणारा खेळ हा सेवेचा भाग धरला जातो. तुकडीसाठी खेळा, कोअरसाठी खेळा किंवा सैन्याच्या संघातून नौदलाविरुद्ध खेळा, त्या वेळी तुम्ही कामावर असता. पगार चालू. दुखापत झाली तर ती सेवेतली दुखापत. उपचार सैन्याचे आणि कायमचं अपंगत्व आलं तर भरपाईचा दावाही करता येतो. सैनिकांच्या पुनर्वसनासाठी सरे परगण्यात हेडली कोर्ट नावाचं मोठं केंद्र होतं. २०१८ मध्ये ते नॉटिंगहॅमशरमधल्या स्टॅनफर्ड हॉलला हललं. अफगाणिस्तानात पाय गमावलेले जवान तिथे चालायला शिकले. त्याच व्यवस्थेतले डॉक्टर आणि फिजिओ गुडघा दुखावलेल्या खेळाडू सैनिकालाही पाहतात. साध्या क्लबकडून खेळणाऱ्या मुलीला असा फिजिओ स्वप्नातही मिळाला नसता.

सैन्याने हे धर्मादाय म्हणून केलेलं नाही. आर्मी रग्बी युनियनची स्थापना १९०६ ची, मुख्य ठाणं ऑल्डरशॉट. सैन्य विरुद्ध नौदल हा पुरुषांचा सामना दरवर्षी ट्विकनमला प्रचंड गर्दीत होतो. खेळामुळे तुकडी एकत्र राहते, अधिकारी आणि शिपाई एका चिखलात लोळतात, आणि भरतीच्या जाहिरातीला चांगले फोटो मिळतात. वेल्सच्या खोऱ्यांत तर ही भरती सोपी झाली होती. १९८४-८५ चा संप मोडला, खाणी एकामागून एक बंद पडल्या. टॉवर कोलिअरी ही शेवटची खोल खाण जानेवारी २००८ मध्ये बंद झाली. ज्या गावात वडिलांची खाण बंद, आईचा कारखाना बंद आणि रग्बीचा क्लब मात्र चालू, तिथल्या अठरा वर्षांच्या दणकट मुलीला भरती कार्यालयाची पाटी कशी दिसत असेल हे साताऱ्याकडच्या वाचकांना मी समजावून सांगायची गरज नाही.

पण हीच संस्था बायकांना कसं वागवत होती तेही सांगायला हवं. १९४९ पासून बायकांसाठी विमेन्स रॉयल आर्मी कोअर नावाचा वेगळा विभाग होता, तो १९९२ मध्ये बंद करून त्यांना मुख्य सैन्यात सामावून घेतलं. तरीही पायदळ आणि रणगाड्यांच्या तुकड्या त्यांना बंदच राहिल्या. ही बंदी उठवल्याची घोषणा जुलै २०१६ मध्ये झाली आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये सगळ्या जागा खुल्या झाल्या. बंदीच्या बाजूने दिली जाणारी कारणं शारीरिक क्षमतेची आणि तुकडीच्या एकोप्याची असत. म्हणजे कित्येक वर्षं अशी स्थिती होती, की शनिवारी सैन्याची लाल जर्सी घालून समोरच्या बाईला पूर्ण वेगात आडवी करायला परवानगी, आणि सोमवारी पायदळात अर्ज करायला मनाई. मफलरवाल्या बाईंना मी हे विचारलं तेव्हा त्या नुसत्या हसल्या.

दुसरी गोष्ट हसण्यासारखी नाही. जानेवारी २००० पर्यंत ब्रिटिश सैन्यात समलिंगी असणं हा नोकरी जाण्याचा गुन्हा होता. लष्करी पोलीस बराकीत झडती घेत, पत्रं वाचत. काढून टाकलेल्यांची पदकं, पेन्शन जात असे. पिळदार शरीराच्या, मैदानावर रमणाऱ्या, लग्न न केलेल्या बाईकडे संशयाने पाहणं किती सोपं असतं, हे आपल्याकडच्या खेळाडू मुलींनाही ठाऊक आहे. केली होम्सचं उदाहरण जगाला माहीत आहे. ती वेल्सची नव्हे आणि रग्बीतलीही नव्हे, पण तिची वाट हीच. १९८८ मध्ये सैन्यात भरती, ट्रकची चालक, मग शारीरिक प्रशिक्षक. सैन्याने तिला घडवलं. १९९७ मध्ये ती बाहेर पडली आणि २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये ८०० आणि १५०० मीटर या दोन्ही शर्यतींत सुवर्णपदक घेऊन आली. २०२२ मध्ये, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, तिने जाहीरपणे सांगितलं की आपण समलिंगी आहोत आणि सैन्यातली ती वर्षं पकडलं जाण्याच्या भीतीत काढली. जुलै २०२३ मध्ये ब्रिटनच्या पंतप्रधानांनी या बंदीबद्दल संसदेत माफी मागितली. ‘ड्युटीवर’ असण्यात हेही येत होतं : बराकीतलं कपाट, त्यातली पत्रं, सुट्टीच्या दिवशी भेटणारं माणूस, सगळं तपासण्याचा हक्क मालकाकडे.

आणि बदली. सैनिकाची नेमणूक कुठे होईल ते त्याच्या हातात नसतं. आज ऑल्डरशॉट, उद्या सायप्रस, परवा फॉकलंड बेटं. वेल्सची निवड व्हायची तर क्लबकडून दर शनिवार-रविवार खेळत राहायला हवं, आठवड्यात राष्ट्रीय शिबिराला कार्डिफजवळ हजर राहायला हवं. हे कमांडिंग अधिकाऱ्याच्या मर्जीवर. रग्बी आवडणारा अधिकारी मिळाला तर हंगाम चांगला जातो. तो बदलून गेला की नव्या साहेबाला सगळं पहिल्यापासून समजावा. (माझे साहेबही एकदा बदलले होते.) बदलीने खेळाचं काय होतं त्याचं एक जुनं उदाहरण आपल्याच देशातलं आहे. १८७३ मध्ये कलकत्त्याला इंग्रजांनी रग्बीचा क्लब काढला. काही वर्षांत तिथली पलटण हलवली गेली, क्लबातली फुकट दारूही बंद झाली, आणि खेळायला माणसंच उरेनात. उरलेले चांदीचे रुपये वितळवून सभासदांनी एक चषक घडवला आणि तो इंग्लंडला पाठवून दिला. इंग्लंड आणि स्कॉटलंड आजही त्या कलकत्ता कपासाठी दरवर्षी खेळतात.

बढतीचाही हिशोब आहे. सैनिकाची बढती वार्षिक अहवालावर ठरते. बरोबरचे लोक कोर्स करत असतात, मोहिमेवर जात असतात, त्या महिन्यांत ही मैदानावर असते. देशासाठी खेळल्याचा अभिमान सगळ्यांना असतो, पण अहवाल लिहिणाऱ्याला कामाचा रकाना भरायचा असतो.

हे सगळं सांभाळून वेल्सपर्यंत पोहोचलेल्या बायका आहेत. अलीकडचं नाव बेथन डेंटन. ती मागच्या फळीची खेळाडू, मी वर सांगितलेली ती फ्लँकरची जागा. लंडनच्या हार्लेक्विन्स क्लबकडून आणि वेल्सकडून खेळली, आणि तिची नोकरी सैन्यातली. तिच्या वाट्याला दोन्ही लाल जर्सी आल्या. तिच्यासारखीचं वर्ष कसं जात असेल ते पाहा. २०२१ पासून महिलांची सहा देशांची स्पर्धा एप्रिलमध्ये, पुरुषांपासून वेगळी भरू लागली. सैन्य, नौदल आणि हवाई दलाचे आपसांतले सामनेही वसंतातच येतात. क्लब वेगळा, देश वेगळा, सैन्य वेगळं. तीन प्रशिक्षक एकाच गुडघ्यावर हक्क सांगतात, आणि चौथा हक्क तुकडीचा, जो कुठल्याही दिवशी बाकीच्या तिघांना रद्द करू शकतो. फ्लँकरसारख्या मार खाणाऱ्या जागी असा संसार करणारी बाई मला राष्ट्रीय संघातल्या चार प्रसिद्ध नावांपेक्षा मोठी वाटते. हे माझं मत; पूर्वग्रह म्हणा हवं तर, मीही कोपऱ्यातलीच.

पुरुषांची तुलना इथे उपयोगी पडते. फिजीत जन्मलेला सेमेसा रोकोदुगुनी ब्रिटिश सैन्यात होता, अफगाणिस्तानात गेला होता आणि २०१४ मध्ये इंग्लंडकडून खेळला. तो सैन्यात राहूनच बाथ या व्यावसायिक क्लबकडून खेळत असे. म्हणजे सैन्याची इच्छा असेल तर दोन्ही जमतं. पण त्याच्यापुढे पगार देणारा क्लब उभा होता. सैन्य सोडलं असतं तरी चूल पेटली असती. वेल्सच्या मुलीसमोर असा क्लबच नव्हता. तिच्यासाठी सैन्य हाच खेळाचा एकमेव पगार होता, आणि माझ्या मते इथे वेल्स रग्बी युनियन फार स्वस्तात सुटली. जो खर्च खेळाच्या संस्थेने करायचा, तो सत्तावीस वर्षं संरक्षण खात्याने, विद्यापीठांनी, शाळांनी आणि मेंढपाळ आईबापांनी केला. लाल जर्सी मात्र युनियनची.

हे किती दिवस चालणार होतं? इंग्लंडने २०१९ मध्ये २८ खेळाडूंना पूर्णवेळ करार दिले. २०२१ च्या स्पर्धेत नोकरी करून येणारा वेल्सचा संघ फ्रान्सकडून ५३-० आणि आयर्लंडकडून ४५-० हरला. त्याच वर्षी शंभराहून अधिक माजी खेळाडूंनी सह्या करून युनियनला जाब विचारला. त्यानंतर जानेवारी २०२२ मध्ये बारा जणींना पहिले पूर्णवेळ करार मिळाले, बारा महिन्यांचे. लिलिक्रॅप आणि पिर्स त्यांत होत्या. मी पाहिलेला सामना त्यानंतरच्या तिसऱ्या महिन्यातला. आदल्या आठवड्यात वेल्सने डब्लिनला जाऊन आयर्लंडला २७-१९ हरवलं होतं. ज्या संघाने वर्षापूर्वी पंचेचाळीस गुण चढवले होते, त्यालाच.

आता सैनिक-खेळाडूपुढचा पेच उलटा झाला. पूर्णवेळ करार म्हणजे रोज सकाळी नऊला राष्ट्रीय केंद्रात हजेरी. पलटणीत राहून ते कसं जमायचं? एका बाजूला बारा महिन्यांचा कागद, दुसऱ्या बाजूला पेन्शनपर्यंत नेणारी नोकरी. आणि करार हाती आला तरी सगळं सुरळीत नसतं हे २०२४ मध्ये दिसलं. नव्या करारांच्या वाटाघाटीत सही करा, नाहीतर संघ विश्वचषकातून काढून घेऊ, असा दबाव आणल्याची खेळाडूंची तक्रार बाहेर आली. चौकशी झाली आणि युनियनला माफी मागावी लागली. पण या मुली निदान एकत्र येऊन बोलू शकल्या. गणवेशातल्या बाईला मालकाविरुद्ध असं उभं राहता येत नाही. सैनिकाला ना संप करता येतो, ना परवानगीशिवाय वर्तमानपत्राशी बोलता येतं. रजेची चिंता मिटते आणि तक्रारीचं तोंडही मिटतं.

२०२५ च्या विश्वचषकात वेल्सने गटातले तिन्ही सामने गमावले. शेवटचा फिजीविरुद्ध, २५-२८ असा, अवघ्या तीन गुणांनी. तो दिवस अनंत चतुर्दशीचा. आमच्या गल्लीत ताशे वाजत होते आणि लेक फोनवर ओरडून मला गुण सांगत होती. तीन आठवड्यांनी इंग्लंडने ट्विकनमला कॅनडाला ३३-१३ हरवून चषक घेतला, समोर ८१,८८५ प्रेक्षक होते. १९९१ मध्ये व्होडका विकणाऱ्या मुलींची आठवण त्या रात्री किती जणांना झाली असेल, कोण जाणे.

त्या एप्रिलच्या शनिवारी वेल्सने स्कॉटलंडला २४-१९ हरवलं. शेवटची शिट्टी झाली तेव्हा मफलरवाल्या बाईंनी मला मिठीच मारली. मग गर्दी ओसरेपर्यंत आम्ही दोघी जागेवरच थांबलो, कारण दोघींनाही घाईने पायऱ्या उतरता येत नाहीत. त्या कठड्याला धरून एकेक पाऊल आडवं टाकत उतरत होत्या, मी त्यांच्यामागे तशीच. अर्ध्यावर त्यांनी आपल्या उजव्या गुडघ्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाल्या, नौदलाविरुद्ध. दोन शस्त्रक्रिया, दोन्ही आर्मीने केल्या. मी माझ्या डाव्या गुडघ्यावर थाप मारली. त्यांनी विचारलं, तुझा कुणी केला? मी म्हटलं, माझा अजून व्हायचाय.